दोनशे सतरा नंबरची नळी

आमच्या डुक्कर संशोधन केंद्रात मी बावीस वर्षं रक्ताच्या नळ्या सांभाळल्या आणि या बावीस वर्षांत माझ्या हातून एकही नमुना वाया गेला नाही, हे मी ज्याला त्याला ऐकवत असे. लोक कंटाळत. आमची ही तर पाहुण्यांसमोर हा विषय निघाला की चहा ठेवते म्हणून उठायची, मग चहा नुकताच झालेला का असेना. पण खरं ते खरं. नळीवर नंबर, वहीत नंबर, आणि दोन्ही जुळले नाहीत तर समोरच्याची धडगत नाही, असा माझा कारभार होता. तो कारभार एका बाईनं मोडला. तिच्याबद्दल सांगायचं आहे.

तिला सगळे सुईणबाई म्हणत. ती डुकरिणींच्या बाळंतघरात कामाला होती. म्हणजे लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना लोखंडी कठड्यांचे कप्पे, प्रत्येक कप्प्यात एक गाभण डुकरीण आणि कोपऱ्यात पिल्लांना ऊब द्यायला टांगलेला तांबडा दिवा. डुकरीण तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी विते. पण नेमकी कुठल्या तासाला, हे आमच्या डॉक्टरांपेक्षा सुईणबाईला आधी कळायचं. ती सडाला बोट लावायची, दुधाचा थेंब बघायची आणि सांगायची, "ही जेवणाच्या सुट्टीआधी मोकळी होणार. ही मात्र नुसती नखरे करतेय." आणि तसंच व्हायचं.

पिल्लू बाहेर आलं की ती त्याच्या तोंडातला चिकटा बोटानं काढायची, कोरड्या फडक्यानं खसाखसा पुसायची आणि आईला लावायची. त्यातही तिची एक रीत होती. पुढच्या सडांना दूध जास्त असतं, म्हणून सगळ्यात किडमिड्या पिल्लाला ती पुढे लावायची आणि दांडगट भाऊबंद ढुशा मारायला आले की त्यांना हातानं अडवून धरायची. "तू थांब रे, पोट बघ स्वतःचं!" हे ती एका दिवसाच्या पिल्लाला गंभीरपणे सुनवायची. डुकरिणींशी तर ती अखंड बोलत असे. "अगं बाई, घाई कसली तुला? अख्खा दिवस पडलाय." मी नळ्यांचा खोका घेऊन गेलो की माझ्याशीही त्याच सुरात बोले. मला ते फारसं आवडत नसे.

कुणी नवीन माणूस कामाला लागला की पहिल्या आठवड्यात तिला विचारायचाच, "तुम्हाला मुलं किती?" ती शेडकडे हात करून म्हणायची, "या आठवड्यात एकशे बारा." सगळे हसायचे. मीही हसायचो. तिलाच हसायचं असतं, अशी मी माझी समजूत करून घेतली होती. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते.

तिचा नवरा आमच्याच खाद्याच्या गाडीवर ड्रायव्हर. त्याला घुम्या म्हणत. दिवसाला चार शब्द बोलायचा, त्यातले दोन गाडीला. खाद्याच्या गोदामामागे दोघांना दोन खोल्या मिळाल्या होत्या. एकदा मी शिडी मागायला गेलो होतो. पुढच्या खोलीत पलंग, चूल, कपडे, डबे, सगळं दाटीवाटीनं कोंबलेलं. आतली खोली मात्र मोकळी. नुसती झाडून पुसून ठेवलेली, खिडकीला धुतलेला पडदा. "इथे काय ठेवता?" मी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली. मला वाटलं, काय ही माणसं, जागा असून अडचणीत राहतात. मी शिडी घेतली आणि चालू लागलो.

मग आमच्याकडे नव्या मॅडम आल्या. वयानं लहान, शिकलेल्या फार, आणि कामगारांनाही सगळं समजलं पाहिजे असा आग्रह. आमच्याकडे ही पद्धत नव्हती. त्यांनी बाळंतघरातल्या सगळ्यांना प्रयोगशाळेत बोलावलं, फळ्यावर डुकरीण काढली. ती डुकरीण कमी आणि बटाटा जास्त दिसत होती. पण बोलल्या छान.

त्या म्हणाल्या, "दोन सख्ख्या बहिणी घ्या. एकच खाणं, एकच गोठा, एकच नर. एकीला चौदा पिल्लं होतात, दुसरीला सहा. का? दोघींच्या पोटात सुरुवातीला गर्भ साधारण तितकेच धरतात. पण दुसरीचे पहिल्या महिन्यातच गळून जातात. गर्भ टिकवायचं काम शरीरात काही जनुकं करतात. जनुक म्हणजे एक लांबलचक मजकूर समजा. त्यात एका ठिकाणी एकीला एक अक्षर असतं, दुसरीला दुसरं. एवढ्याशा फरकानं गर्भ टिकण्या-न टिकण्यावर परिणाम होतो का, ते आपल्याला रक्तातून बघायचंय."

सगळे माना डोलवत होते, म्हणजे कुणाला काही कळलं नव्हतं. सुईणबाईनं उठून हात वर केला.

"म्हणजे मॅडम, तिनं काहीच केलं नसेल तरी गळतात?"

"तिनं काहीच केलं नसेल तरी."

"उडी मारली नाही, पडली नाही, ओझं... म्हणजे धक्का लागला नाही, तरी?"

"तरीही. दोष तिचा नसतो. तिच्या हातात काही नसतं."

सुईणबाई खाली बसली. त्या दिवशी ती शेडमध्ये परत जाताना डुकरिणींशी बोलत नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण मला नळ्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या होत्या.

तीनशे डुकरिणींचं रक्त घ्यायचं ठरलं. यादी मी केली, नळ्यांवर नंबर मी घातले, आणि माझा कंबरेचा त्रास उफाळून आला म्हणून रक्त गोळा करताना त्या आठवड्यात मी हजर नव्हतो. डॉक्टर सुई लावत, सुईणबाई डुकरीण धरी आणि नळ्या खोक्यात लावून ठेवी. तीनशे नळ्या माझ्याकडे आल्या. तीनशेच्या तीनशे. मी खूश झालो.

पंधरा दिवसांनी उत्तरं आली. दोनशे नव्व्याण्णव डुकरिणींची अक्षरं चोख आली होती. दोनशे सतरा नंबरपुढे काहीच नाही. कोरं.

माझं डोकंच फिरलं. नळीत रक्त जरा कमी होतं, पण त्यातून डीएनए भरपूर निघाला होता, मी स्वतः मोजला होता. पुन्हा चाचणी लावली. कोरं. औषधं बदलली, मशीन पुसलं, तिसऱ्यांदा लावली. पुन्हा कोरं. बावीस वर्षांचं माझं नाक कापलं जायची वेळ आली होती. आमच्या हिनं तर विचारलंही, "आता पाहुण्यांना काय सांगणार?"

शेवटी मी जनावरांची वही काढली. दोनशे सतरा नंबरची डुकरीण रक्त घ्यायच्या आठ दिवस आधीच मेली होती.

मी नळी हातात घेऊन थेट बाळंतघरात गेलो. सुईणबाई कप्पा धूत होती.

"सुईणबाई, मेलेल्या डुकरिणीचं रक्त कुठून आणलंत?"

तिच्या हातातली पाण्याची नळी तशीच वाहत राहिली. पाणी माझ्या बुटांवरून गेलं.

"बावीस वर्षांत कुणाची हिंमत झाली नाही माझ्या नमुन्यात लुडबूड करायची! रिकामी राहिली होती तर रिकामी परत द्यायची. तीनशे भरून दाखवायला हवेत म्हणून शेजारणीचं घातलंत ना? आणि तेही धड घातलं नाहीत. खोटं बोलायचं तर निदान डुकराचं तरी..."

"माझं आहे," ती म्हणाली.

"काय माझं?"

"रक्त. माझं आहे, भाऊ."

तिनं पाणी बंद केलं. मग डाव्या हाताचं मधलं बोट दाखवलं, जणू तिथे अजून टोचल्याची खूण असणार होती.

"नळी रिकामी राहिली होती. म्हटलं, तीनशेंचं बघतात, त्यात आपलंही बघतील. कुणाला कळणार नाही. नंबर दोनशे सतरा. तुम्ही वहीत अक्षर लिहाल, मग मी हळूच बघेन. मला फक्त ते अक्षर बघायचं होतं. काय निघालं?"

मग उत्तराची वाट न बघता ती बोलत सुटली, मी कधी ऐकली नव्हती इतकी. पाच वेळा तिला दिवस गेले होते. पाचही वेळा तीन महिन्यांच्या आत गेलं. पाचव्या वेळी घुम्या तिला म्हणाला होता, काम सोड, घरी बस. तिनं ऐकलं नाही, कारण घरी बसून ती नुसती दिवस मोजायची आणि मोजता मोजता घाबरायची. एका दुपारी शेडच्या दारात खाद्याचं पोतं पडलं होतं. पन्नास किलोचं. डुकरिणी भुकेनं ओरडत होत्या आणि आसपास कुणी नव्हतं. तिनं ते उचलून आत नेलं. तिसऱ्या दिवशी सगळं संपलं. त्यानंतर पुन्हा कधी दिवस गेले नाहीत. त्याला आता चौदा वर्षं झाली होती.

"पोत्याचं मी कुणाला सांगितलं नाही. यांना तर नाहीच. चौदा वर्षं वाटतंय, मी उचललं नसतं तर आज ते... आठवीत वगैरे असतं. मॅडम म्हणाल्या, काही केलं नाही तरी गळतात. एक अक्षर असतं म्हणाल्या. माझ्यात ते निघालं, तर मग पोत्यामुळे नाही ना झालं, भाऊ? काय निघालं?"

आता बघा, मी तापट माणूस आहे, पण दगड नाही. 'निघालं' असा एक शब्द मला म्हणता आला असता. पण नळ्या सांभाळणाऱ्याला न निघालेलं उत्तर सांगता येत नाही, हाताला तशी सवयच नसते.

"सुईणबाई, काही निघालं नाही. हे मशीन फक्त डुकराचा मजकूर ओळखतं. माणसाचं रक्त त्याला दिसतच नाही. त्याच्या लेखी नळीत कुणी नव्हतंच."

तिनं माझ्या हातातल्या नळीकडे बघितलं.

"तिथेही काही धरलं नाही म्हणायचं," ती म्हणाली आणि तिनं पुन्हा पाणी सोडलं.

मला राहवेना. मी तिला तशीच बुटांसकट मॅडमकडे घेऊन गेलो आणि सगळं सांगून टाकलं. मॅडम रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. म्हणाल्या, "मी डुकरांची डॉक्टर आहे, मावशी, माणसांचं मला छातीठोक सांगता येणार नाही. पण एक पोतं उचललं म्हणून पाच गर्भ जात नाहीत. चार तर त्याआधीच गेले होते ना? शहरात मोठं हॉस्पिटल आहे, तिथे तपासणी होते. आत्ताही कारण सापडू शकतं. फक्त दोघांचं रक्त द्यावं लागेल. तुमचं आणि तुमच्या मिस्टरांचं."

"त्यांचं कशाला?"

"गर्भाला अर्धी अक्षरं आईची मिळतात, अर्धी बापाची. कारण कुणाच्याही बाजूनं असू शकतं."

सुईणबाईचा चेहरा उजळेल म्हणून मी बघत होतो. तो उलट उतरला. बाहेर आल्यावर ती म्हणाली, "नको, भाऊ. राहू दे."

"राहू दे काय? चौदा वर्षं झुरताय आणि आता उत्तर मिळतंय तर राहू दे?"

"माझ्यात निघालं तर सोनंच. पण त्यांच्यात निघालं तर? ते काही बोलायचे नाहीत. आतल्या आत संपतील. इतकी वर्षं माझंच होतं, माझ्याकडेच राहू दे. मला सवय आहे."

मला तिचा असा राग आला! बाईनं माझी नळी नासवली, बावीस वर्षांचा हिशोब बिघडवला, आणि उत्तर दारात आल्यावर दार लावून घेतलं. घरी आमच्या हिला हे सगळं सांगितलं तर ती भाजी चिरताना थांबली आणि एवढंच म्हणाली, "तुम्हाला नाही कळायचं." मला खरंच कळत नव्हतं.

दोन दिवसांनी दुपारच्या सुट्टीत घुम्या प्रयोगशाळेत आला. या माणसानं आजवर आमचा उंबरा ओलांडला नव्हता. आला, स्टुलावर बसला, बाही वर सरकवली आणि हात टेबलावर ठेवला.

"माझं घ्या," तो म्हणाला.

मॅडम त्याला फाटकापाशी भेटल्या होत्या. दोघं जाऊन तपासून या, असं त्यांनी सरळ मनानं सांगून टाकलं होतं. ती स्वतःलाच दोष देत बसली आहे, हे त्यानं स्वतःच ताडलं असावं, कारण घरात ती दोन दिवस जेवत नव्हती.

"अरे, इथे माणसांचं होत नाही. हे डुकरांचं मशीन आहे."

"असू दे. तुम्ही घेतल्यासारखं करा. मग तिला सांगा, तपासलं. दोष माझ्यात निघाला."

"पण निघालेला नाही ना!"

"म्हणून काय झालं?"

तो टेबलाकडे बघून बोलत होता. मधे मधे थांबत होता, चढावर गाडी घातल्यासारखा.

"पहिलं आठ आठवड्यांचं होतं. दुसरं दहा. तिसऱ्याच्या वेळी मी गाडी घेऊन लांब गेलेलो, आलो तोवर तिनं चादरी धुऊन वाळत घातल्या होत्या. चौथं सहाच आठवड्यांचं. ते तर तिनं मला आधी सांगितलंही नव्हतं, पण मला कळलं होतं. ती गाणं म्हणायला लागली होती. पाचवं साडेअकरा. तेव्हा पोतं मी दारात टाकून गेलो होतो. आत न्यायचं माझं काम. मला उशीर होत होता. परत आलो तर पोतं आत गेलेलं. कुणी नेलं ते विचारायची हिंमत झाली नाही. चौदा वर्षं झाली नाही." त्यानं बाही खाली ओढली. "ती सगळ्यांसमोर हसून एकशे बारा म्हणते ना, तेव्हा मी गाडी धुवायला जातो. तुम्ही तिला सांगा, भाऊ. माझ्यात निघालं म्हणून सांगा."

बावीस वर्षं मी खोटा आकडा लिहिला नव्हता. पण लिहायचं नव्हतं, नुसतं बोलायचं होतं, अशी पळवाट काढून मी बाळंतघरात गेलो. वाटेत वाक्य तीनदा घोकलं.

एक डुकरीण वीत होती. सुईणबाई गुडघ्यांवर बसून ओलं पिल्लू पुसत होती.

"सुईणबाई, घुम्याचं रक्त तपासलं. दोष त्याच्यात निघाला. तुमचा काही नाही. पोत्याचाही नाही." माझे कान गरम झाले होते.

तिनं वर बघितलं.

"भाऊ, तुमच्या मशीनला माणूस दिसत नाही म्हणालात ना परवा?"

मी जीभ चावली. आयुष्यात एक खोटं बोलायला गेलो आणि ते माझ्याच आधीच्या खऱ्यानं हाणून पाडलं.

"त्यांनी पाठवलं तुम्हाला?"

मी मान डोलावली.

"काय म्हणाले?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "म्हणाला, पहिलं आठ आठवड्यांचं होतं. दुसरं दहा. तिसऱ्याच्या वेळी तुम्ही चादरी धुतल्या होत्या. चौथ्याचं तुम्ही सांगितलं नव्हतंत, पण तुम्ही गाणं म्हणायला लागला होतात, म्हणून त्याला कळलं. आणि पोतं दारात त्यानं टाकलं होतं. आत न्यायचं काम त्याचं होतं, म्हणाला."

तिचा पिल्लू पुसणारा हात थांबला.

"त्यांना आठवतात?"

"हो."

"ते कधीच काही बोलले नाहीत हो, भाऊ. एकदाही नाही. मला वाटायचं, माझ्या एकटीलाच..." ती थांबली. "पाचही?"

"पाचही. आठवड्यांसकट."

ती उठली. ओलं पिल्लू तिनं माझ्या हातात दिलं, फडक्यासकट. "याला पुढच्या सडाला लावा. मी आले," म्हणाली आणि तोंड न पुसता, बूट न बदलता खाद्याच्या गोदामाकडे गेली. तिथे गाडी उभी होती. ती दुसऱ्या बाजूनं चढून त्याच्या शेजारी बसली आणि तिनं दार ओढून घेतलं.

मी अर्धा तास ते पिल्लू आणि त्याची पुढची चार भावंडं सांभाळली. मला ते काम मुळीच जमत नव्हतं. पण ती दोघं गाडीत बोलत होती, आणि त्यांना हाक मारायला मी काही गेलो नाही.